माझ्या नावाची उमेदवार

५ ऑक्टोबर, शनिवार

बबडे,

काल तू दार आपटून गेलीस त्याला आता वीस तास झाले. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. चिठ्ठी वकीलबाईंच्या ऑफिसच्या वॉचमनकडे देईन. तो तुला देतो की नाही, देव जाणे.

तू ओरडलीस, "उमेदवारांच्या यादीत बाईंच्या नावासोबत तुझं नाव कसं? एकच नाव दोनदा कसं?" तेव्हा मी गप्प बसले. कारण मलाही नीट कळलेलं नव्हतं. आमदारसाहेबांच्या कार्यालयातला तो मफलरवाला, बाराही महिने गळ्याला गुंडाळून फिरतो तो, गुरुवारी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आला होता. म्हणाला, वहिनी, एका अर्जावर सह्या हव्यात. मला वाटलं, कसल्यातरी योजनेचा असेल. सह्या केल्या. शुक्रवारी गाडीत बसवून निवडणूक कार्यालयात नेलं. तिथे एका कागदावरचं मोठ्याने वाचायला लावलं, मी वाचलं. विधानसभेला उभी राहतेय हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

आज छाननी होती. तिथल्या अधिकाऱ्याने माझं पूर्ण नाव "श्रीमती" लावून वाचलं आणि विचारलं, "कोणाची हरकत?" वकीलबाईंच्या बाजूने कोणीतरी उठलं, पण अधिकारी म्हणाले, नाव एकच असणं हा गुन्हा नाही. वकीलबाई तिथेच बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबा विचारत होते, पोरगी कुठे? सांगितलं, प्रचाराचं काम आहे, मैत्रिणीकडे राहतेय. माझ्या अर्जाचंही त्यांना सांगितलं, कार्यालयाचं काहीतरी आहे, नावापुरतं. ते हसले. म्हणाले, "मग आता तुला बाईसाहेब म्हणायचं का?"

जेवलीस का?

आई


६ ऑक्टोबर, रविवार

बबडे,

उद्या दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घेता येतो, असं आपल्या धुलाईच्या ड्रमवाल्या काकांनी वर्तमानपत्रात वाचून सांगितलं. मी उद्या जाऊन मागे घेते. सकाळची पाळी करून निघेन. कोणाला बोलू नकोस. तुझ्या बाईंना मात्र सांग.

आई


८ ऑक्टोबर, मंगळवार

बबडे,

उशीर झाला. सुपरवायझरने सोडलं नाही, शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी तातडीने हव्या होत्या. मग बस भरून गेली, दुसरी आली नाही. पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि शिपाई दार लावत होता. मी हात जोडले. तो म्हणाला, "बाई, घड्याळ माझ्या बापाचं नाही."

मी काय करणार होते, सांग.

आई


१२ ऑक्टोबर, शनिवार

बबडे,

रोज एक चिठ्ठी देते. वॉचमन म्हणतो, ताई घेतात, पण माझ्यासमोर उघडत नाहीत. एवढं मला पुरे.

मला चिन्ह मिळालं आहे जग. पाण्याचा जग. तुझ्या बाईंना किटली. मफलरवाला फार खुश होता. यंत्रावर चित्रं केवढी, बोटाच्या पेराएवढी. तिथे किटली काय आणि जग काय. आणि फोटो. फोटोला त्याने मला एका दुकानात नेलं होतं, नंबर नसलेला चष्मा घालायला दिला आणि केसांचा भांग बाजूला पाडायला लावला. वकीलबाई पाडतात तसा. फोटोवाला म्हणाला, "थोडं हसा." मफलरवाला म्हणाला, "नको, त्या हसत नाहीत."

त्या क्षणाला मला सगळं समजत होतं, बबडे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की योजनेचा अर्ज वाटला. ते खरं नाही. गुरुवारीच त्याने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणाला, "तुम्ही सरकारी नोकरीत नाही, ठेक्यावर आहात, म्हणून उभ्या राहू शकता. तुमच्या नावाला दोन-तीन हजार मतं चुकून पडतील, बस. बाकी तुम्हाला काही करायचं नाही." ठेक्यावर असण्याचा आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी फायदा झाला.

विभागात सगळे चिडवतात. ड्रमवाले काका मळक्या चादरींचा ढीग दाखवून म्हणतात, "आमदारीणबाई, या रक्ताच्या वेगळ्या काढा, गार पाण्यात टाका." मी काढते. बाकीच्या बायका मात्र चिडवत नाहीत. त्या बोलतच नाहीत. आम्हा अकरा जणींना हातमोजे मागितले म्हणून कामावरून काढलं होतं, तेव्हा वकीलबाईंनीच खटला लढवून परत घेतलं. तू तेव्हा नववीत होतीस. कोर्टातल्या कारकुनाने दोघींचं एकच नाव बघून विचारलं होतं, "वकील कोण आणि अशील कोण?" वकीलबाई खूप हसल्या होत्या. तेव्हापासून मला भेटल्या की "काय, माझ्या नावाची!" अशीच हाक मारायच्या.

त्या काल आल्या होत्या इथे. तुला माहीत असेलच. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, तो पुसत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्यावर रागावले नाही. तुझ्यावर कोणीतरी दाब टाकलाय एवढं मला कळतं. काय आहे ते सांग."

"काही नाही बाई," मी म्हणाले.

"बरं, नको सांगूस." त्यांनी पर्समधून एक कागद काढला. "यावर एवढंच लिहिलंय, की मी प्रचार करत नाही, मला मत देऊ नका, माझ्या नावाच्या वकीलबाईंना द्या. खाली सही कर. मी छापून घरोघर वाटेन. अजून दहा दिवस आहेत."

मी म्हणाले, विचार करते. त्या म्हणाल्या, "कर." आणि कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवून गेल्या. अजून तो माझ्याजवळच आहे.

आई


१५ ऑक्टोबर, मंगळवार

बबडे,

तुझा मेसेज आला. अकरा दिवसांनी. "एक सही. तीही नाही?"

किती वेळा वाचला ते विचारू नकोस. राग असला तरी तुझा शब्द आला, म्हणून आधी बरंच वाटलं. मग नाही वाटलं.

आता सांगते. आधी सांगायला हवं होतं, पण मफलरवाल्याने गवगवा नको म्हटलं होतं आणि परिणाम आपल्याच घरात दिसतील अशी भीती होती.

मार्चपासून बाबांची किडनी धुवायला आपण कुठे कुठे हिंडत होतो ते तुला आठवतं. कधी त्या टोकाच्या दवाखान्यात, कधी दोन-दोन तास प्रवास करून, एकदा तर सगळा आठवडा तसाच गेला आणि त्यांना श्वास घेता येईना. आपल्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिसची सहाच मशीन आणि रांग ही एवढी. मग ऑगस्टमध्ये अचानक जागा मिळाली, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी एकची. तू म्हणालीस, नशीब. नशीब नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्याच संध्याकाळी मफलरवाला मला गेटवर भेटला. म्हणाला, "वहिनी, काम करून दिलं. साहेबांनी स्वतः फोन केला. पण गवगवा नको, दुसरे दहा जण येऊन बसतील." मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा धमकी वगैरे काही दिली नाही. माणूस गोड बोलतो. एवढंच म्हणाला, "दादांचं मशीन छान चाललंय ना? ते असंच चालू राहायला हवं."

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते मशीनवर पडल्या पडल्या शेजारच्याशी क्रिकेटवर भांडतात. चेहऱ्यावरची सूज उतरलीय. परवा स्वतः उठून दाढी केली.

बाईंचा कागद माझ्यासमोर आहे, पेनही आहे. तू सांग. तू "कर" म्हणालीस तर मी आत्ता सही करते आणि स्वतः आणून देते. एक शब्द पाठव.

आई


१९ ऑक्टोबर, शनिवार

बबडे,

चार दिवस झाले. फोन सतत खिशात ठेवते, ड्रमच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून दर पाच मिनिटांनी काढून बघते. सुपरवायझर म्हणाला, "काय हो, निकाल लागला का एवढ्यात?"

आज माझ्या प्रचाराची गाडी हॉस्पिटलसमोरून गेली. माझी गाडी! मी कपडे वाळत घालत होते गच्चीवर. माझं नाव, माझा आवाज नव्हे, कोणा बाईचा गोड आवाज, "आपल्या हक्काच्या, आपल्या लाडक्या…" आणि मग नाव. चिन्ह मुद्दाम हळू घेतलं, नाव जोरात. गाडीवर चष्मा घातलेला माझा फोटो. खालून एक म्हातारी फोटोला हात जोडून गेली. तिला वाटलं असेल वकीलबाई.

मी वाळत घातलेल्या चादरीमागे गेले.

तू लिहीत नाहीस म्हणजे नाही म्हणतेस, की हो म्हणवत नाही?

आई


२२ ऑक्टोबर, मंगळवार

बबडे,

मतदान झालं. सही केली नाही. तुझा शब्दही आला नाही.

सकाळी बाबांना शेजारच्यांच्या रिक्षातून नेलं. शाळेत चाकाची खुर्ची होती, पोलिसाने स्वतः ढकलली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शाई लावलेलं बोट दिवसभर वर धरून बसले होते. आज मशीन नव्हतं म्हणून फार उत्साहात होते.

मी आत गेले. यंत्रावर खालून तिसरी त्या, खालून चौथी मी. एकाखाली एक. दोन चष्मे, दोन भांग, एक नाव. बबडे, मी माझ्याच फोटोकडे बघून क्षणभर गोंधळले. मग किटलीसमोरचं बटण दाबलं. एक मत तरी दिलं मी त्यांना.

आई


२५ ऑक्टोबर, शुक्रवार

बबडे,

आमदारसाहेब ६१,२०८. वकीलबाई ६०,७७१. फरक ४३७.

मी २,९१४.

ड्रमवाल्या काकांनी मोबाईलवर वाचून दाखवलं आणि धुलाईचा ड्रम बंद केला. विभागात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटत होतं, कोणीतरी शिवी द्यावी. एका बाईने आपले हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि जेवायला गेली. अजून अकराही वाजले नव्हते.

तू मोजणीच्या ठिकाणी असशील. रडू नकोस असं मी कोणत्या तोंडाने सांगू.

आई


३१ ऑक्टोबर, गुरुवार

बबडे,

हे पत्र नीट वाच. नंतर फाडून टाकलंस तरी चालेल.

निकालानंतर मफलरवाल्याने माझा फोन घेणं बंद केलं. मला धसका बसला. काम झालं, आता आपली गरज संपली, बाबांची जागा काढून घेतील. तीन दिवस मी झोपेत दचकत होते. शेवटी काल डायलिसिसच्या इनचार्ज सिस्टरकडे गेले आणि म्हणाले, "सिस्टर, आमच्या यांना काढू नका हो. मी साहेबांच्या माणसांशी बोलते."

सिस्टर सलाईन मोजत होत्या. म्हणाल्या, "कोण साहेब?"

मी आमदारांचं नाव घेतलं. फोन, शिफारस, मफलरवाला, सगळं सांगितलं. त्यांनी सलाईनची बाटली खाली ठेवली. मग कपाटातून जाड वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. अकरा मार्चला नाव नोंदवलंत. नंबर एकोणीस. ऑगस्टमध्ये तुमचा नंबर लागला. मधले अठरा कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको, काही बरे झाले, काही नाही झाले. इथे कोणाचा फोन चालत नाही. डॉक्टर चालू देत नाहीत."

"मग त्याला कसं कळलं, जागा मिळाली म्हणून?"

"मफलर म्हणालात ना? त्याचे मामा होते तीन नंबरच्या मशीनवर, ऑगस्टमध्ये. रोज यायचा डबा घेऊन. पुढच्या आठवड्याची नावं आम्ही बाहेर फळ्यावर लिहितो. वाचली असतील."

फळ्यावर, बबडे. तो फळा पॅसेजमध्ये आहे. चादरींची ट्रॉली घेऊन मी दिवसातून चार वेळा त्याच्यासमोरून जाते.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, एकदा विचारायचं तरी मला. इतकी वर्षं एका छताखाली काम करतोय आपण."

एका वाक्यात कळलं असतं. ते एक वाक्य मी कोणालाच विचारलं नाही. कारण ज्याने उपकार केलेत असं वाटतं, त्याच्याबद्दल चौकशी करायची मला भीती वाटली. तुला सांगितलं असतं तर तू पाचव्या मिनिटाला सिस्टरसमोर उभी असतीस, हेही मला माहीत आहे.

आणखी एक. सात तारखेला मला उशीर झाला नव्हता. बस मिळाली होती. मी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तिथे होते. मागे घ्यायचा अर्ज शिपायाने दिला, मी भरला, सही केली. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस होता. तेवढ्यात फोन वाजला. मफलरवाला म्हणाला, "वहिनी, दादांना आत्ताच बघून आलो. मशीनवर आहेत. छान झोप लागलीय. किती वाजेपर्यंत असतं हो त्यांचं?" एवढंच. मी विचारलंही नाही, मी कुठे आहे हे तुम्हाला कसं कळलं.

पुढचा माणूस बाजूला झाला. अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. मी म्हणाले, "चुकून आले," आणि बाहेर पडले. धावत हॉस्पिटल गाठलं. बाबा खरंच झोपले होते. मशीन चालू होतं. मी त्यांच्या पायाशी बसून भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजताना बघितले.

घडी केलेला तो अर्ज बरेच दिवस माझ्याजवळ होता. शिपायाची आणि दाराची गोष्ट मी रचली.

आणि पंधरा तारखेला तुझ्यावर जे टाकलं, की तू सांग, तू "कर" म्हण, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माझं ओझं होतं. बापाच्या जिवाचा निर्णय पोरीच्या हातात देऊन मी मोकळी होऊ बघत होते. तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबर केलंस. कोणतं उत्तर देणार होतीस?

आज दुपारी वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. सगळं लिहून, सही करून दिलं. त्यांनी वाचलं. कोर्टात जाता येईल का, विचारलं. म्हणाल्या, "बघू. फोन एका माणसाचा, साक्ष एकट्या तुमची. आणि नाव एकच असणं हा गुन्हा नाही, हे तर अधिकाऱ्यांनी सांगितलंच आहे." मग पाणी दिलं मला. "माझ्या नावाची" म्हणाल्या नाहीत. बसा म्हणाल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या अहो-जाहो बोलल्या.

तू आतल्या खोलीत होतीस. तुझी चप्पल बघितली. हाक मारली नाही.

आई


४ नोव्हेंबर, सोमवार

बबडे,

आज तू समोर होतीस, तरी माझ्याने बोलवलं नाही. म्हणून हे.

दोन वाजता मी धुतलेल्या चादरी घेऊन वर आले. डायलिसिसचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून तुझा आवाज आला. माझी पाळी असताना तू येतेस हे मला सिस्टरने सांगितलं होतं, शुक्रवारीही येऊन गेलीस म्हणून. मी ट्रॉली भिंतीला लावली आणि तिथेच थांबले. चोरून ऐकलं म्हण हवं तर.

बाबा तुला सांगत होते, "हे बघ, तुझ्या आईला बोलू नकोस. तिला वाईट वाटेल. घरचं माणूस उभं असताना मी तिला मत नाही दिलं. तुझ्या बाईंना दिलं."

तू म्हणालीस, "खरंच, बाबा?"

"मग! तू एवढी उन्हातान्हात फिरलीस. मला हल्ली बारीक दिसत नाही, पण मी घाई नाही केली. अक्षरं लावून नाव वाचलं. फोटो बघितला. चष्मा होता, केस बाजूला. म्हटलं, ह्याच त्या बाई. तुझी आई कुठे चष्मा लावते?"

तुझी खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"आणि चित्र बघितलं. भांडं होतं ते. उंच, सरळ, एका बाजूला कान."

"आणि तोटी?" तू विचारलंस. फार हळू विचारलंस.

"तोटी कुठली? तोटी नव्हती. खालून चौथं होतं, मोजून दाबलं. बरोबर ना?"

मशीनचा आवाज येत होता नुसता. मी दाराच्या कडेला हात लावून उभी होते. मला वाटलं, आता सांगशील. सांगितलं असतंस तर तुझं चुकलं नसतं.

"बरोबर, बाबा," तू म्हणालीस. "तेच."

"मग तेवढ्याने हरायला नको होतं," बाबा म्हणाले. "एक मत तर आपलं होतं."

तू बाहेर आलीस. मला बघितलंस. तुझे डोळे लाल होते, बारीक झालीस, केस कापलेस. मी चादरी उगाच नीट करत होते. तू माझ्याजवळ थांबलीस आणि एक महिन्याने माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस.

"बाबांना सांगू नकोस."

आणि जिन्याकडे गेलीस. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तू खालच्या मजल्यावर पोचली होतीस.

नाही सांगणार.

आई